तिकीट तिसऱ्यांदा परत आलं : 'रिप्रोड्यूस होत नाही'. नव्या मुलांना तिकीट लिहायला कसं शिकवता?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम बघते, बारा वर्षं झाली. यंदा माझ्याकडे चार नवी मुलं आली आहेत. नजर तीक्ष्ण आहे, चुका पटापट शोधून काढतात. पण सापडलेली चूक जिरात, म्हणजे चुका नोंदवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिकीट म्हणून उतरवायची म्हटलं की हात आखडतो.

परवाचं उदाहरण देते. पार्सल पाठवायचं एक ॲप आहे, त्यात मराठी यादीतून गाव किंवा उपनगर निवडायचं असतं. बार्शीहून आलेल्या मुलीने तिकीट टाकलं, ते जसंच्या तसं असं :

'शीर्षक : सर्च नॉट वर्किंग. ब्राउझर : एनए. पायऱ्या : ओपन ॲप, सर्च नऱ्हे, नो रिझल्ट. अपेक्षित : शुड वर्क. प्रत्यक्ष : नॉट वर्किंग.'

अर्थात हे सगळं रोमन लिपीत, नऱ्हेसुद्धा. चेन्नईच्या डेव्हलपरने तीनदा 'रिप्रोड्यूस होत नाही', म्हणजे माझ्याकडे ही चूक पुन्हा घडत नाही, असं लिहून बंद केलं. मी माझ्या फोनवर बघितलं तर मलाही नऱ्हे सापडलं. ती मात्र रडवेली होऊन सांगते, "ताई, माझ्या लॅपटॉपवर खरंच येत नाही हो. धायरी येतं, आंबेगाव येतं, नऱ्हेच येत नाही."

दोन महिन्यांपूर्वी मीच अकरा रकान्यांचं टेम्प्लेट करून सगळे रकाने सक्तीचे केले होते. आता रकाने भरलेले असतात आणि तिकीट रिकामं असतं. टेम्प्लेट ठेवू की काढू? तुम्ही कसं शिकवता?

पाणवठा

टेम्प्लेट ठेवा, पण अकरा रकाने फार झाले. चार पुरतात : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि कुठे झालं. कुठे म्हणजे ॲपची आवृत्ती, फोन की लॅपटॉप, टेस्टचा सर्व्हर की खरा.

पायऱ्या लिहायला मी मुलांना घरचा पत्ता सांगायला लावतो. पाहुणे पहिल्यांदाच पुण्यात येतायत आणि त्यांना सदाशिव पेठेत तुमच्या घरी पोचायचंय. बहुतेक मुलं सुरुवातच "शनिपारावरून आत वळा" अशी करतात. अरे, पण पाहुणे स्वारगेटला उतरलेत की शिवाजीनगरला? चालत येणार की गाडीने? लक्ष्मी रस्ता एकेरी आहे, चालणाऱ्याला त्याचं काही नाही, गाडीवाल्याला वळसा पडतो. तिकिटातही हीच सुरुवात राहून जाते. लॉगिन कोणत्या खात्याने केलं होतं, कार्टमध्ये आधी काही होतं का, ॲप नुकतंच टाकलेलं की जुन्यावर अपडेट केलेलं. लिहिणारा तिथेच उभा असतो, त्यामुळे त्याला ते दिसत नाही.

शीर्षकाबद्दलही सांगा त्यांना. 'बिल चुकतंय' या नावाची आमच्याकडे एकेकाळी नऊ तिकिटं होती. त्यातल्या एकाचं नाव 'कूपन लावल्यावर जीएसटी मूळ किमतीवर लागतो, फक्त अँड्रॉइड' असं बदललं आणि त्याच दिवशी ते योग्य माणसाने उचललं.

घाटमाथा

मी उलट बाजूने बोलतो. आम्ही कोथरूडमध्ये पाच जण काम करतो. टेस्टिंगवाली मुलगी उठते, माझ्या खुर्चीमागे येते, "हे बघ" म्हणते. दहा मिनिटांत दुरुस्त. रकाने भरण्यात माणसाचा जीव जातो आणि ज्याने ते वाचायचं तो तरीही फोन करून विचारतोच. रानजाई, त्या मुलीला त्या डेव्हलपरशी व्हिडिओ कॉलवर बसवा. तीनदा बंद झालेल्या तिकिटाचं चौथ्यांदा काय लिहिणार?

चिमणचारा

वाचतेय. आमच्याकडेही हेच दुखणं आहे. वाचनखूण साठवली.

टिपकागद

घाटमाथा, कॉल करा हे मान्य. पण कॉल झाल्यावर तिकीट लिहा, हे त्यापुढे जोडा.

मागच्या वर्षी मला एका जुन्या कोडमध्ये विचित्र अट सापडली. रक्कम बरोबर २,००० असेल तर एक पायरी गाळायची. २,००१ ला नाही, १,९९९ ला नाही. कुणी लिहिलं ते गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीत, बघितलं, तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. त्या बदलाच्या नोंदीवर (कमिटवर) तिकिटाचा नंबर होता, म्हणून मला हायसं वाटलं. तिकीट उघडलं. आत एकच ओळ : 'कॉलवर बोलल्याप्रमाणे बदल करणे.'

कॉलवर कोण होतं, काय बोललं गेलं, काही नाही. ती अट काढावी तर कुणाचं तरी काहीतरी मोडेल, ठेवावी तर कशासाठी ठेवतोय ते कळत नाही. तीन दिवस मी जुन्या ईमेल उकरत बसले. शेवटी ती एका ग्राहकाच्या तात्पुरत्या योजनेसाठी होती आणि ती योजना केव्हाच संपलेली होती, असं निघालं. त्या दहा मिनिटांच्या कॉलनंतर कुणीतरी दोन वाक्यं लिहिली असती तर माझे तीन दिवस वाचले असते. आजचा डेव्हलपर तिकीट वाचतोच, पण पुढे कधीतरी एक अनोळखी माणूसही ते वाचणार असतो आणि त्याला विचारायला कुणी सापडणार नसतं. मी हल्ली त्याच्यासाठी लिहिते.

रातराणी

टिपकागद, +१. आणि रात्रपाळीवाल्यांना तर तो अनोळखी माणूस रोजच भेटतो.

माझा ग्राहक शिकागोत आहे. उन्हाळ्यात साडेदहा तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेअकरा. मी संध्याकाळी तिकीट टाकलं आणि त्यात ब्राउझर लिहायचा राहिला, तर ते विचारणार रात्री, मी झोपलेली असले तर उत्तर दुसऱ्या दिवशी, ते वाचणार दुसऱ्या रात्री. एका शब्दासाठी एक दिवस. म्हणून मी पाठवण्याआधी तिकीट एकदा त्यांच्या खुर्चीत बसून वाचते. ते काय विचारतील तेवढं आधीच लिहून टाकते.

आणि वेळ लिहा! ही माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे एक चूक होती, नोंद केली की तारीख एक दिवस आधीची दिसायची. दिवसपाळीच्या मुलांना कधीच दिसली नाही. मला दिसायची, आणि मी तिकिटात 'तारीख चुकते' एवढंच लिहायचे. दोनदा बंद झालं. तिसऱ्यांदा मी प्रत्येक नोंदीसमोर घड्याळातली वेळ लिहिली : रात्री १२:१०, चुकली. २:४०, चुकली. ५:२५, चुकली. ५:३५, बरोबर. ते बघितल्याबरोबर डेव्हलपरला कळलं. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत तिकडे अजून कालचाच दिवस असतो. मला यूटीसीतलं काही माहीत नव्हतं तेव्हा. तसं का होतं हे मी सांगितलंच नाही, फक्त घड्याळातल्या चार वेळा नीट लिहिल्या.

पाणवठा

वा, रातराणी! ५:२५ आणि ५:३५, ही जोडी सुरेख आहे. चूक कुठे थांबते हे लिहिणं ती कुठे होते याइतकंच मोलाचं. रानजाई, तुमच्या त्या मुलीने तेच केलंय, बघा. "धायरी येतं, आंबेगाव येतं, नऱ्हेच येत नाही." हे तोंडी सांगितलं, तिकिटात नाही.

घाटमाथा

रातराणींचं पटलं. वेगवेगळ्या शहरांत माणसं असतील तर लिहिण्याला पर्याय नाही.

पण एक तक्रार राहतेच. प्रत्येक जण प्रायॉरिटीत 'हायेस्ट' टाकतो. सगळंच तातडीचं असेल तर मी कशाला हात लावू?

पाणवठा

कारण सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी यांतला फरक कुणी समजावून सांगत नाही. नुकसान किती ते सिव्हिरिटी, कधी दुरुस्त करायचं ते प्रायॉरिटी. मुखपृष्ठावर ग्राहकाच्याच नावात चूक असेल तर मोडलेलं काहीच नाही, पण दुपारच्या आत बदलावं लागतं. वर्षअखेरच्या ताळेबंदाचा अहवाल उघडताना ॲप कोसळत असेल तर नुकसान मोठं, पण सप्टेंबर चालू असेल तर ३१ मार्चला वेळ आहे. आमच्याकडे नुकसान टेस्टर ठरवतो, क्रम प्रॉडक्टवाले ठरवतात. टेस्टरला क्रम भरायला लावूच नये, त्याला तो ठरवण्याइतकी माहिती नसते.

जुना_नकाशा

अवांतर आहे, पण राहवत नाही.

मी या धंद्यात आलो तेव्हा बगझिला हे चुका नोंदवायचं सॉफ्टवेअर नवीन होतं. मोझिलाने ते १९९८ मध्ये आणलं. जिरा २००२ चं, सिडनीच्या ॲटलासियनचं. ते लोक स्वतः आधी बगझिलाच वापरत होते, त्यावरून गॉडझिला आठवला, त्याचं जपानी नाव गोजिरा, आणि 'गो' गळून जिरा उरलं.

पण मला आवडणारं तिकीट याहून जुनं आहे. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डमधला मार्क २ संगणक. त्याच्या रिलेमध्ये, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, एक पतंग (उडणारा किडा) अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी नोंदवहीत वेळ लिहिली, दुपारचे ३:४५. जागा लिहिली, पॅनेल एफ, ७० क्रमांकाचा रिले. आणि तो पतंगच चिकटपट्टीने पानावर चिकटवला. खाली लिहिलं की प्रत्यक्ष 'बग', म्हणजे किडा, सापडल्याची ही पहिलीच घटना. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत आधीपासून होती, एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो शब्द आहे, म्हणून तर त्या नोंदीत गंमत आहे. ते पान आज अमेरिकेत स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे.

वेळ, जागा, पुरावा. मी नव्या मुलांना त्या पानाचा फोटो दाखवतो. तीन ओळींत सगळं आहे, आणि इतक्या वर्षांनंतरही कुणाला विचारावं लागत नाही की नेमकं कुठे सापडलं होतं.

चिमणचारा

अटॅचमेंट म्हणून साक्षात पतंग! हे मी उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगणार.

खिडकीपलीकडे

मी ग्राहकसेवेत आहे, खराडीला. आमच्याकडून येणारी तिकिटं तुम्हा लोकांना कच्ची वाटतात, माहीत आहे मला. ग्राहक फोनवर म्हणतो, "पैसे गेले, ऑर्डर नाही झाली." आमची मुलं त्याचं 'पेमेंट इश्यू' करून टाकतात, आणि तिथेच घात होतो. कारण 'पेमेंट इश्यू' मध्ये दहा गोष्टी बसतात. ग्राहकाचं वाक्य होतं तसंच अवतरणात ठेवायचं आणि खाली आपण विचारून घेतलेलं लिहायचं, अशी सवय मी लावली. यूपीआय असेल तर व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक (यूटीआर), पैसे कापल्याचा एसएमएस किती वाजता आला, ॲप त्या क्षणी काय दाखवत होतं.

पुरावा जोडा हे बरोबर, पण काय जोडता ते बघा. स्क्रीनशॉटमध्ये ग्राहकाचा आधार क्रमांक, मोबाइल, घरचा पत्ता तसाच उघडा असतो आणि ते तिकीट शंभर लोक बघतात. ब्राउझरमधून काढलेल्या हार फाइलमध्ये, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीच्या नोंदीत, तर लॉगिनच्या कुकीही असू शकतात, ती तशीच चिकटवणं म्हणजे घराची किल्ली चिकटवणं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदा झाला तो आहेच, पण कायदा नसता तरी त्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं आहे ते.

आणि एररचा मजकूर फोटोत नको, अक्षरांत हवा. फोटोतलं शोधता येत नाही, मग तेच तिकीट पाच जण नव्याने टाकतात.

सोलापुरी_चादर

मला मूळ प्रश्नावर यायचंय. रानजाईताई, तुमच्या त्या मुलीबद्दल.

मी मराठी माध्यमातला. सोलापुरातून पुण्यात आलो तेव्हा पहिल्या नोकरीत माझी तिकिटं अशीच होती. 'नॉट वर्किंग.' 'नॉट कमिंग.' लोकांना वाटायचं मी कामचुकार आहे. मला सगळं दिसत होतं हो. कोणतं बटण आधी दाबलं तर चुकतं, कोणतं नंतर दाबलं तर चुकत नाही, सगळं डोक्यात होतं. पण ते इंग्रजीत लिहिताना व्याकरण चुकेल, तिकीट सगळी टीम बघते, हसतील, या भीतीने मी जितके शब्द खात्रीचे होते तितकेच लिहायचो. 'नॉट वर्किंग' मध्ये चुकायला जागा नाही. टेम्प्लेट आलं तेव्हा मला तर बरंच वाटलं, एका रकान्यात एक शब्द टाकला की सुटका.

माझ्या तेव्हाच्या लीड बाईंनी एक केलं. मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "मला मराठीत सांग. घरी आईला सांगशील तसं सांग." मी पाच मिनिटं बोललो, त्यांनी वहीत लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं. सगळं त्यात होतं. मग म्हणाल्या, "आता याचं इंग्रजी कर. छोटी वाक्यं. एका वाक्यात एक कृती. भाषा सुंदर नको, क्रम बरोबर हवा." वर्षभर मी आधी वहीत मराठीत लिहून मगच जिरा उघडायचो. आज दुसऱ्यांची तिकिटं तपासतो.

तिने तुम्हाला तोंडी जे सांगितलं आणि तिकिटात जे लिहिलं, त्यातलं अंतर बघा. तुम्हाला तो टेम्प्लेटचा प्रश्न दिसतोय, मला भीतीचा दिसतोय.

रानजाई

सोलापुरी_चादर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बारा वर्षांत मी हा विचार केला नव्हता, याचं वाईट वाटतंय. उद्या सकाळी तिला घेऊन बसते, मराठीतच.

अक्षरवेल

थांबा, थांबा. उद्या बसाल तेव्हा तिला एक विचारा : नऱ्हे हा शब्द ती टाइप कसा करते? आणि डेव्हलपरला विचारा, त्याने कसा टाइप केला?

मी मराठी फाँटवर काम करते, म्हणून हे लगेच डोक्यात आलं. आपला अर्धा ऱ, नऱ्हे, कऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा यातला, संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये (अक्षरांना संगणकात दिलेल्या क्रमांकांत) ०९३१, त्याला हलन्त, मग ह. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर त्याची कळ शिफ्ट आणि जे. दुसरा म्हणजे साधा र, ०९३०, हलन्त, आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारी जोडखूण, २००डी.

नऱ्हे
नर्‍हे

वरचे दोन शब्द बघा. तुम्हाला एकच दिसतील. संगणकाला ते वेगळे आहेत, आणि शोधणाऱ्या कोडने मुद्दाम सोय केलेली नसेल तर एक टाइप करून दुसरा सापडणार नाही. धायरी आणि आंबेगावात हा ऱ नाही. नऱ्हेत आहे.

टिपकागद

अंगावर काटा आला.

जुना_नकाशा

पतंग सापडला म्हणायचा!

रानजाई

मंडळी, दोन दिवसांनी येतेय, पण सगळं सांगायचंय.

सकाळी तिच्याजवळ बसले. म्हटलं, मराठीत सांग. ती म्हणाली, "ताई, मी लॅपटॉपवर इनस्क्रिप्टने टाइप करते, शाळेत तेच शिकलेय. ऱ ची कळ दाबते, पाय मोडते, ह, मात्रा. यादीत दिसायला तोच शब्द आहे, पण शोधला की येत नाही. यादीतला कॉपी करून टाकला की येतो. मला वाटलं माझीच काहीतरी चूक आहे, म्हणून हे लिहिलं नाही."

कॉपी केला की येतो! तिला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग चेन्नईला कॉल केला (घाटमाथा, तुमचं ऐकलं). त्या मुलाला मराठी टाइप करता येत नाही, त्यामुळे त्याने यादीतूनच शब्द उचलून शोधात चिकटवला होता, तिन्ही वेळा. त्याला तो दरवेळी सापडला. त्याचीही चूक नाही, तिकिटात नाव रोमन लिपीत होतं, तो बिचारा दुसरं काय करणार? यादीचा डेटा ग्राहकाच्या जुन्या एक्सेलमधून आला होता, त्यात सगळीकडे न दिसणारी जोडखूण आहे. माझा फोनही तीच टाकतो, म्हणून मला सापडलं.

दुपारी तिने तिकीट नव्याने लिहिलं. आधी वहीत, मग इंग्रजीत. तुमच्यासाठी मराठीत देते :

'शीर्षक : ऱ असलेली गावं इनस्क्रिप्टने टाइप केल्यास शोधात सापडत नाहीत.
कुठे : टेस्ट सर्व्हर, विंडोज लॅपटॉप, क्रोम, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड.
पायऱ्या : १. नवीन पार्सल उघडा. २. गावाच्या चौकटीत हा शब्द चिकटवा : नऱ्हे. (हा माझ्या कीबोर्डचा आहे, यादीतून घेऊ नका.) ३. शोधा दाबा.
काय व्हायला हवं : नऱ्हे यादीत दिसावं.
काय होतं : एकही गाव सापडत नाही.
तुलना : यादीतला शब्द कॉपी केल्यास सापडतो. धायरी, आंबेगाव टाइप केल्यास सापडतात. कऱ्हाड टाइप केल्यास सापडत नाही.'

अक्षरवेल, तुमचे युनिकोडचे आकडे तिने शेवटी 'कदाचित कारण' म्हणून वेगळे लिहिले. बघितलेलं वर, अंदाज खाली, हे तिचं तिने ठरवलं. डेव्हलपरचं उत्तर चाळीस मिनिटांत आलं : 'रिप्रोड्यूस झालं.' तिने ते मला फोनवर पाठवलं, सोबत काही नाही, फक्त तो स्क्रीनशॉट.

टेम्प्लेट अकरावरून चारवर आणलंय. 'आधी मराठीत सांगा' यासाठी रोज सकाळी पंधरा मिनिटं ठेवली आहेत, चौघांनाही.

सोलापुरी_चादर

तिला माझ्याकडून शाबासकी सांगा. आणि वही टाकून देऊ नको म्हणावं.

घाटमाथा

मान गये. एक शंका : बरेच लोक जोडखूण न देताच टाइप करतात, मग रफार होतो, नर्हे. तेही सापडायला हवं ना? याच तिकिटात घालायचं का?

टिपकागद

नको, वेगळं तिकीट. तिथे लिहिणाऱ्याचंच अक्षर वेगळं पडतंय, ते सापडू द्यायचं की नाही हा प्रॉडक्टवाल्यांचा निर्णय आहे. एकातच घातलं तर ऱ दुरुस्त होऊनही तिकीट उघडंच राहील. या तिकिटाशी लिंक करून टाका म्हणजे झालं.

रानजाई

टाकलं. तिनेच टाकलं, मी फक्त शेजारी बसले होते.